परबकाकांचा साडेतीनचा खेळ

दुपारचे तीन वाजले की परबकाका पांढरा शर्ट आणि काळी पँट चढवून, भांग पाडून आपल्या सेफ्टी डोअरमागे उभे राहत. जुईनगरच्या आमच्या सोसायटीचा जिना भरदुपारीही अंधारा. कुणी वर येताना दिसलं की जाळीतून बॅटरीचा उजेड नेमका त्याच्या पुढच्या पायरीवर पडे. "सावकाश. पिक्चर आत्ताच सुरू झालाय." इस्त्रीवाला हसायचा, सिलिंडरवाला वैतागायचा. काका दोघांनाही सारख्याच अदबीने वर आणून सोडत.

फोर्टातल्या एका भव्य इंग्रजी थिएटरात त्यांनी उभी हयात डोअरकीपरची नोकरी केली होती. मुलाने इथे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा गिरगावची खोली सोडून तेही आले. एकदा एकटेच बाहेर पडले आणि वाशी स्टेशनावर चक्कर येऊन पडले. तेव्हापासून मुलगा-सून ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावत आणि किल्ली समोर आमच्याकडे ठेवत. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारभर पहाऱ्यावर मीच. "या जेलरबाई," काका म्हणत. मी हसायचे, पण आतून ओशाळायचे.

आमच्या गप्पा जाळीतूनच चालत. "एका पण पिक्चरची सुरुवात मला ठाऊक नाय बघ. लेट आलेल्यांना बसवण्यात जायची. शेवट मात्र सगळे पाठ!" त्यांची एक लाडकी नटी होती, निळ्या डोळ्यांची. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये डोळे निळे कसे दिसले, असं मी छेडलं तर म्हणाले, "रोज तीन शो बघ, तुला पण दिसतील." आणि त्यांचा एक नियम होता. "हिरॉइन रडायला लागली की बॅटरी बंद. पब्लिक पण रडत असते. रडणाऱ्यावर उजेड पाडायचा नाय."

एका दुपारी त्यांनी जाळीतून पेपरचं कात्रण पुढे केलं. थिएटर शुक्रवारी कायमचं बंद होणार होतं. शेवटचे चार दिवस जुने चित्रपट लावले होते. "मला घेऊन चल गो. टॅक्सीने जाऊ, बसून बघू, सरळ घरी. तुला टेन्शन देणार नाय."

मी त्यांच्या मुलाला ऑफिसात फोन लावला. "अजिबात नको. काय झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मी तेच काकांना सांगितलं. किल्ली माझ्या हातात होती, पण मी घाबरले. काका नुसतं "बरं" म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तू तरी जाऊन ये. नीट बघून ये."

मी गेले. खुर्च्यांचा काथ्या बाहेर आला होता. पितळी कठडे काळे पडले होते, पडद्याला ठिगळ होतं. स्लिपर घातलेला डोअरकीपर म्हणाला, "कुठं पण बसा." जेमतेम दहा माणसं, त्यातली निम्मी झोपलेली. परतताना मी मनाशी ठरवलं, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा?

काका वाटच बघत होते.

"कठडे?"

"चकचकीत."

"पडदा?"

"एकदम नवा वाटतो."

"गर्दी?"

"हाउसफुल्ल होतं, काका."

त्यांचा चेहरा खुलेल असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी जाळी धरली.

"मी मनाची समजूत घातलेली गो, की आता तिथे बघण्यासारखं काय उरलं नसेल. म्हणून तर गप बसलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मला न्यायला पाहिजे होतंस."

खरं सांगायला तोंड उघडलं, पण आता ते त्यांना पटलं नसतं. वर्षभरात काका गेले. त्या विषयावर ते पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. कुलपाचा दोष मी त्यांच्या मुलावर ढकलू शकते, आणि कित्येकदा ढकलतेही. ती थाप मात्र माझी एकटीची होती.