बाटलीवरची धावणारी बाई

माझी मामेबहीण माणिकपूरच्या एका शाळेत पीटी शिकवते. माझं पॅकेजिंग डिझाइनचं छोटंसं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे. शाळा सुटली की ती आधी माझ्याकडे यायची, बूट काढून पंख्याखाली बसायची आणि मगच आगाशीची बस पकडायची. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण माझ्या कामावर बोलायला कधी मागेपुढे बघायची नाही.

वसई पूर्वेला सरबतांचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांनी खेळाडूंसाठी नवीन पेय काढायचं ठरवलं आणि बाटलीचं काम माझ्याकडे आलं. ते म्हणाले, "मॅडम, बाटली हातात घेतल्यावर माणसाला पळावंसं वाटलं पाहिजे." मी विजा काढल्या, लाटा काढल्या, पाण्याचे शिंतोडे काढले, एक पळणारा माणूसही काढला. सगळं आधी कुठेतरी पाहिल्यासारखं दिसत होतं. बहीण मागून डोकावली.

"ताई, हे पळणारं माणूस कुठून आणलंस? असं कुणी पळत नाही. पडेल ते."

"मग तूच पळून दाखव."

"रविवारी ये राजोडीच्या किनाऱ्यावर," ती म्हणाली.

ती रोज पहाटे किनाऱ्यावर पळायची. पुढच्या हंगामात लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचं तिच्या मनात होतं. घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त मला माहीत होतं. रविवारी संध्याकाळी सूर्य तिच्या पाठीमागे येईल असा मी कॅमेरा लावला. मला फक्त बाह्यरेषा हवी होती. ओल्या वाळूवरून ती पळत यायची, मी "पुन्हा" म्हणायचे, आणि ती हसत मागे जायची. वेणी उडायची, डावा हात थोडा बाहेर पडायचा. शाळेत असताना शिक्षकांनी त्या हातावरून कितीदा टोकलं होतं म्हणे. मी तो तसाच ठेवला.

बाटलीवर प्लास्टिकची जी पातळ नळी चढवतात ती गरम हवेने आक्रसून चिकटते, आणि बाटली जिथे कमरेत निमुळती होते तिथे चित्रही आक्रसतं. पहिल्या नमुन्यात नेमका तिचा गुडघा तिथे आला आणि काडीसारखा बारीक झाला. बहीण ती बाटली हातात घेऊन पोट धरून हसली. मी चित्र वर सरकवलं, गुडघा मुद्दाम जाड काढला, तेव्हा कुठे पाय पायासारखा दिसायला लागला. मालकांना बाटली फार आवडली. वेणी बघून म्हणाले, "मुलगी आहे? चालेल. मुलीपण पितात."

बाटल्या बाजारात यायच्या आधीच ते घडलं. शाळेच्या मैदानावर ती मुलींना खो-खो शिकवत होती. खांबाला वळसा कसा घालायचा ते दाखवताना पाय जमिनीत रुतला आणि गुडघा फिरला. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, जिने चढता येतील, पण लांब पळणं आता सोडून द्या.

मी कारखान्यात फोन केला. मालक हळहळले. छापील माल येऊन पडलाय, म्हणाले, पण तिला नको असेल तर पुढच्या छपाईत चित्र बदलू. मी हॉस्पिटलमध्ये तिच्या खाटेशी बसून तिला विचारलं. मामी मोसंबी सोलत होती, तिचा हात थांबला.

"कशाला बदलायचं?" बहीण म्हणाली. "राहू दे. कुठेतरी तर पळतेय."

मामी उठून बाहेर गेली.

नंतर त्या बाटल्या सगळीकडे दिसायला लागल्या. आगाशीच्या बाजारात, रिक्षा स्टँडजवळच्या टपरीवर, चिंचोटीला धबधब्याच्या वाटेवरच्या दुकानांत. मला दिसली की मी नजर वळवायचे. बहीण मात्र विकत घ्यायची. काही महिन्यांनी ती शाळेत परत गेली, काठीशिवाय, थोडी लंगडत. एकदा माझ्याकडे येऊन सांगत होती, "नवीन मुलींना म्हटलं, ही बाटलीवरची मी आहे. एक जण म्हणाली, टीचर, मस्करी नका करू." सांगताना ती हसली. मी हसले नाही, तर म्हणाली, "अगं, खरंच विनोदी होतं."

पुढे मालकांच्या मुलाने धंदा हातात घेतला. मुंबईच्या एका एजन्सीने बाटलीवर वीज काढली. दुकानांतला जुना माल संपत गेला आणि ती धावणारी बाई दिसेनाशी झाली. तेव्हा बहिणीने पहिल्यांदा विचारलं, "ताई, त्या दिवशीचे फोटो आहेत का गं तुझ्याकडे?"

होते. ऑफिसमध्ये आम्ही दोघी कॉम्प्युटरसमोर बसलो. सगळे फोटो उजेडाच्या विरुद्ध काढलेले, त्यामुळे एकातही तिचा चेहरा दिसत नव्हता. नुसती काळी आकृती आणि मागे लखलखणारं पाणी. ती एकेक फोटो पुढे सरकवत गेली. शेवटी म्हणाली, "कुणीही असेल ही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बूट घालून ती निघून गेली.

तेव्हापासून मला राजोडीच्या त्या संध्याकाळचा शेवट आठवत राहतो. काम झाल्यावर ती म्हणाली होती, "आता कॅमेरा ठेव. मी माझ्यासाठी पळते, तू नुसती बघ." आणि ती अर्नाळ्याच्या दिशेने निघाली. मी वाळूवर बसून, मान खाली घालून, काढलेले फोटो तपासत होते. कोणत्या फोटोत पाय नीट आलेत ते बघत होते. मान वर केली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, चालत परत येत होती.

"बघितलंस?" तिने विचारलं.

मी "हो" म्हटलं.