कुडाळ ते मरोळ : एका मुलाखतीची धास्ती

चेंबूरला एस.टी. थांबली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. रात्रभर बसून अंग आंबलं होतं आणि भीती कुडाळला होती तशीच होती. मरोळच्या एका कंप्युटर कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. डिप्लोमाला अख्ख्या वर्गात मिळून एकच कंप्युटर, त्याला माझा हात लागला असेल चार-दोनदा. त्यात बाबांनी नोकरी लागल्याचं बाजारात सांगूनही टाकलेलं. बाजारात तुरी, तसला प्रकार! हात हलवत परत गेले असते तर कुडाळात तोंड दाखवायची सोय नव्हती.

वाकोल्याला मावशीने घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार पोळे) पुढे केले. मी ताटली बाजूला सारली.

"खा गो," ती म्हणाली. "उपाशी पोटान इंग्लिश येवचा नाय (येणार नाही)."

मरोळला बसमधून उतरले तर दोन्ही बाजूंना कारखान्यांतल्या लेथ यंत्रांची खरखर आणि जळक्या रबराचा वास. कंपनी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. दारातच चपला काढायला लावल्या, देवळात काढतात तशा. आत गालिचा, काचेची बंद खिडकी, आणि ऑक्टोबर असूनही दात वाजतील असा एसीचा गारठा. माणसं चालत नव्हतीच, धावत होती. दिल्लीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं आणि त्याला दाखवायचं काम अजून अर्धवट होतं.

मुलाखत घेणाऱ्या कामतसाहेबांनी उभ्याउभ्याच मला चार प्रश्न विचारले. तीन मला कळले, दोनांची उत्तरं आली. "दाराजवळच्या मशीनवर बस, बिलाचा प्रोग्रॅम लिहून दाखव," म्हणाले आणि पळाले.

शेजारी मुलुंडची शोभा होती. माझी घाबरगुंडी बघून म्हणाली, "टेन्शन नको घेऊस गं. इथे सगळ्यांचीच वाट लागलीय."

दुपारी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस. मी कशीबशी लिहीत होते. तेवढ्यात खिडकीत लख्खकन वीज चमकली आणि काच हादरेल असा कडकडाट झाला. आमच्याकडे वीज दरवर्षी कुणा ना कुणाचा बळी घेते. लहानपणापासून आई ओरडायची, "मेन काढ (मेन स्विच बंद कर) गो!" की मी धावलेच. आताही मी उठले आणि दाराशेजारच्या पेटीचा लोखंडी खटका खाली ओढला.

कंप्युटरचे सगळे पडदे काळे झाले. एसीची घरघर थांबली. शोभा किंचाळली, "माझं सेव्ह नव्हतं केलेलं!"

सकाळपासूनचं काम गेलं होतं. काळोखात मी पेटीजवळ उभी होते, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लाइट गेली असंच सगळे समजले. कामतसाहेब वायरमन तावड्यांवर तुटून पडले.

"कालच सांगितलं होतं ना लाइन बघ म्हणून? घरी जा! उद्यापासून येऊ नकोस!"

"साहेब, बघितली होती हो," तावडे म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

गप्प राहिले असते तर वाचले असते. तसा विचार मनात आलाही. पण तावड्यांचा चेहरा बघवेना.

"साहेब, खटका मी ओढला."

"का?"

"वीज चमकली म्हणून."

"कुठली तू?"

"कुडाळची."

शोभाला हसू फुटलं. साहेबांना नाही आलं. त्यांनी खटका स्वतः वर केला, तावड्यांना "जा, चहा पी" म्हणाले आणि गेलेल्या प्रोग्रॅमच्या हस्तलिखित कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे आपटला. "टाइप कर. सगळे बसा."

मी बसले. ते कधी हाकलतील या भीतीने मान वर केली नाही. शोभा मधूनच चूक दाखवायची, "अगं, स्वल्पविराम खाल्लास," आणि पुढे पळायची. तिने अर्धी चपाती-भाजी माझ्यासमोर सरकवली, तीही मी पडद्यावर नजर ठेवूनच खाल्ली. दिवेलागणीनंतर शेवटचं पान संपलं, प्रोग्रॅम चालला, तेव्हा कुठे धीर करून साहेबांकडे गेले.

"सर, माझा इंटरव्ह्यू?"

"कसला इंटरव्ह्यू? दुपारपासून काम करत्येस ना? एक तारखेपासून ये. आणि तिकडच्या टोकाला बस. त्या पेटीजवळ दिसू नकोस मला."

आनंदाने उडी मारावी की नाही? मी मात्र पेटीकडे न बघता चपला घातल्या. आता रोज इथे यायचं, रोज असाच जीव मुठीत! कुडाळच्या परतीच्या गाडीत मी, देवाशपथ सांगते, त्यांनी नको म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं, असं घोकत होते.

स्टँडवर आई एकटीच आली होती. मीच म्हटलं, "लागली."

तिने माझी पिशवी हातात घेतली. थोडं चालून झाल्यावर माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाली, "नाय लागली असती, तरी चलला असता गो."

तोवर मला वाटत होतं, या घरात घाबरट मी एकटीच.