हातचा एक

आमच्या शाळेच्या बाईंना अख्खी वस्ती 'हातच्याबाई' म्हणायची. बेरीज चुकली की त्या पोराच्या टाळूवर खडू टेकवायच्या आणि ओरडायच्या, "हातचा कुठे गेला? खाल्लास?" तीस वर्षं हे एकच वाक्य. आता बाप झालेली पोरंसुद्धा भाजीच्या दुकानात हिशेब चुकला की स्वतःच्या टाळूवर हात ठेवतात. मी त्याच शाळेची शिपाईण, सगळ्यांची मावशी. घंटा द्यायची, झाडलोट करायची, कपाटाच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि तोंड चालवायचं. शेवटच्या कामाचा पगार नव्हता, पण तेच मी मन लावून केलं.

शाळा म्हणजे दोन खोल्या. एकीचं छत गळायचं, म्हणून चारही वर्ग दुसरीत. पूर्वी दोन मास्तर होते. एक निवृत्त झाले, एकांची बदली झाली, आणि त्यांच्या जागा भरायला कोणाला वेळ झाला नाही. राहिल्या बाई एकट्या. मुख्याध्यापकही त्याच. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून तिसरीचा भागाकार घ्यायच्या, तोवर चौथीतले दोघं एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे. अशात वरून फर्मान आलं, तीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद. एवढ्याशा पोरांवर एवढा खर्च परवडत नाही म्हणे. आमचा पट सत्तावीस.

अशा सगळ्या लहान शाळांचे शिक्षक संपावर गेले. मोठ्या कचेरीच्या फाटकासमोर सतरंज्या टाकून बसले. पोरं सोडून कधी कोणावर आवाज न चढवलेल्या आमच्या बाई, हातात फलक धरून भर उन्हात! मी रोज त्यांचा डबा घेऊन जायची. एकदा एकाने स्कूटर थांबवली आणि म्हणाला, "आमच्या करातून पगार घेता आणि इथे लोळता? पोरांचं काय?" मी विचारलं, "तुमचं पोर कुठल्या शाळेत हो?" तर खासगीत! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "त्याचं चुकलं नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "पोरांचं काय, हेच तर विचारायला आपण बसलोय."

बाईंची नात आमच्याच शाळेत दुसरीला होती. तिसऱ्या आठवड्यात सून म्हणाली, "आई, संप तुमचा आणि वर्ष माझ्या पोरीचं बुडतंय. मोठ्या रस्त्यापलीकडची शाळा चालू आहे, तिथे जागा आहे. तिचा दाखला द्या." मुलगाही बायकोच्याच बाजूने. दोन दिवसांनी बाई मला म्हणाल्या, "दाखल्यांचं पुस्तक आणि शिक्का घेऊन या."

"बाई, तुम्हीच?"

"एका पोरीने काय होतंय? एकोणीस-वीस."

किल्ली माझ्याकडे होती. शिक्का मीच आणून दिला. शाई सुकली होती, तर वर दोन थेंब पाणीही मीच टाकलं.

झालं! वस्तीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. बाईंनी स्वतःची नात काढली, मग आपण काय डोक्यावर पडलोय? बघता बघता आणखी दहा जणांनी दाखले मागितले. बाई कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? पट आला सोळावर.

अडतिसाव्या दिवशी संप मिटला. आपण जिंकलो, असं माइकवरून सांगितलं. तीसची अट गेली, वीसची आली. लोकांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी नाही वाजवली एकही. त्या बोटांवर मोजत होत्या.

मोठ्या कचेरीतले साहेब पटाच्या मोजणीला यायला बारा दिवस होते. बाई दारोदार फिरल्या, मी सोबत. कोणी दार लोटून घेतलं, कोणी चहा पाजून बोळवण केली. जिवाचं रान करून तीन पोरं परत आणली. एकोणीस. मोजणीच्या आदल्या दिवशी बाईंनी घरात सुनेपुढे हात जोडले. सून काही वाईट नाही हो. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण म्हणाली, "आई, ती तिथे रुळलीये. उद्या पुन्हा फर्मान निघालं तर परत तिला उचलू का?"

मोजणीच्या सकाळी मीच बाईंच्या मागे लागले. "नातीचं नाव टाका हजेरीत. आजारी आहे म्हणून सांगा. कोण बघतंय?" कॉपी करणाऱ्या पोराला तासभर उभं करणारी ही बाई. तिने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं, आणि विसाव्या ओळीत नाव लिहिलं. अक्षर ओळखू येईना.

साहेबांनी डोकी मोजली. "विसावी?"

"आजारी आहे," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मोबाइलमध्ये नाव घातलं आणि तो बाईंपुढे धरला. नाव त्या दुसऱ्या शाळेच्या पटावर होतं. "बाई, दाखल्यावर सही तुमचीच आहे," ते हळूच म्हणाले.

माझा तोल गेला. "अहो साहेब, एकोणीस काय नि वीस काय! आभाळ कोसळणार आहे का?"

"मावशी, गप्प बसा," बाई म्हणाल्या. "फरक एकाचा आहे." त्यांनी आपलं लाल पेन काढलं आणि नातीच्या नावावर स्वतः रेघ मारली. पोरं टकामका बघत होती.

साहेब गेल्यावर बाई पायरीवर बसल्या. "जन्मभर पोरांवर ओरडले, हातचा विसरू नका म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि माझा हातचा मीच देऊन टाकला." मला सांगायचं होतं, बाई, शिक्का मी आणला होता, खोटं नाव मी लिहायला लावलं. पण एवढी माझी जीभ, नेमकी तेव्हा उचलली नाही. ते मला अजून खातं.

पुढच्या आठवड्यात शाळा बंद झाली. बाईंची बदली लांब कुठेतरी, मी घरी. पोरं आता मोठा रस्ता ओलांडून जातात, आणि त्यांतल्या दोघी बहिणी तर शाळेत जायच्याच थांबल्या. शेवटच्या दिवशी बाई दाखले लिहीत होत्या आणि मी एकेकावर शिक्का मारत होते. एकोणीस दाखले. विसावा आधीच देऊन झाला होता.