पट्टी बदलेपर्यंत

जखम भरून यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणसे गप्प बसत नाहीत. साकोलीच्या एका लहानशा दवाखान्यात मी सलग अकरा आठवडे, दर दुसऱ्या दिवशी, पट्टी बदलायला जात होते. नडगीवर पलंगाची कड लागली एवढेच निमित्त; पण मधुमेह असला की एवढेही पुरते. ड्रेसिंग रूमच्या बाहेर एक बाक होता. शाळेतल्या छत्तीस वर्षांत स्टाफरूममध्ये मी ऐकले नाहीत, इतके किस्से त्या बाकावर गोळा झाले!

तिथे राज्य होते मेश्राम सिस्टरचे. ती माझी विद्यार्थिनी नव्हती. म्हणून ती मला मुळीच घाबरत नसे.

*

नव्या रुग्णाला सिस्टरचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "घरी काय काय लावलं?"

शेवंताबाई शेतमजूर. विळा लागून तिची पोटरी चिरली होती आणि पाचव्या दिवशी ती दवाखान्यात आली. तिने बोटांवर मोजत यादी सांगितली, "आधी हळद लावली. मंग गोडं तेल टाकलं. सुनेनं मोहरी वाटून लावली. शेजारीण म्हणे, हिंग लाव, तेबी लावलं."

सिस्टरने हातातला चिमटा खाली ठेवला. "शेवंताबाई, पायाचं लोणचं घालत होती का व?"

"छे व माय!" शेवंताबाई गंभीरपणे म्हणाली, "मीठ कुठी टाकलं?"

नुसत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने लगेच धुतले असते, तर निम्मे काम घरीच झाले असते, हे सिस्टरने तिला तीन वेळा म्हणायला लावले. ही पद्धत मला आवडली. पाठांतराला पर्याय नाही!

*

देवराव हा जवळच्या गावचा ढिवर, पिढीजात मासेमार. तळ्यात उतरलेला असताना तळव्यात माशाचा काटा रुतला, ती जखम करंगळीपर्यंत पसरली. त्यालाही मधुमेह, त्यामुळे दुखलेच नाही आणि दुखले नाही म्हणून तो पाण्यात जातच राहिला.

पट्टी ओली करायची नाही, असे सिस्टरने बजावले, तेव्हा त्याने शक्कल लढवली. पायावर प्लास्टिकची पिशवी, वरून सायकलच्या ट्यूबची रबरे! चार दिवसांनी सिस्टरने ती सोडली, तर आतली कातडी भिजलेल्या पोह्यासारखी पांढरी पडलेली.

"पाण्याचा थेंब आत गेला नाही, सिस्टर!" देवराव अभिमानाने म्हणाला.

"आणि आतला घाम? तो कुठून बाहेर येईन गा?"

डॉक्टर आले. करंगळीच्या टोकाशी काळसर झाक दिसत होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. म्हणाले, "देवराव, एक महिना. साखर ताब्यात, पाय कोरडा, पायावर भार नाही. एकदा जरी तळ्यात उतरलास, तर हे बोट काढावे लागेल. आणि बोटावर थांबेल, असा शब्द मी देत नाही."

बोटे गेलेल्या पायाने तळ्याच्या गाळात तोल सांभाळता येत नाही, हे देवरावच्या बायकोच्या, कौसल्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

*

आमच्या भागात जखमेचे पथ्य म्हणजे एक स्वतंत्र शास्त्र आहे. भात खाल्ला की पू होतो, अंडे खाल्ले की पू होतो, मासोळी खाल्ली तर विचारूच नका! देवराव पंधरा दिवस नुसती ज्वारीची भाकर आणि मुगाचे पाणी यांवर होता.

"मंग नवीन मांस कशानं भरीन?" सिस्टर कडाडली. "भिंत बांधायची हाय, अन् विटा आणू नका म्हणता! भात मापात खा, पण अंडं खा, डाळ खा, मासोळी खा. घरात मासोळी असून काहून देत नाही यायले?"

कौसल्या एकदम रडवेली झाली. "सिस्टर, यायले वास येऊ नये म्हणून पंधरा दिवस मी मागच्या अंगणात लपून मासोळी खाऊन राहिली!"

देवराव बायकोकडे वळला. "म्हणून तू रोज सरपण आणाले जात होती!"

*

खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, हा आमच्या जिल्ह्याचा दुसरा श्वास. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत रक्त पोचत नाही, हे सिस्टर सर्वांना सांगे आणि सर्वजण गालात खर्रा ठेवून माना हलवत.

एके दिवशी देवरावने जाहीर केले, "सिस्टर, म्या खर्रा सोडला!"

"कधीपासून?"

"गेटपासून."

दुसऱ्या दिवसापासून कौसल्या त्याचे खिसे स्वतः शिवून देऊ लागली. तोंडे शिवून! अशी शिस्त मला शाळेतही सुचली नव्हती.

*

आता एक किस्सा माझ्याविरुद्धचा. तो वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

जखमेला हवा लागली पाहिजे, अशी माझी ठाम समजूत होती. शिवाय काम तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे मी रोज सकाळी पट्टी सोडत असे, चष्मा लावून जखम पाहत असे आणि पट्टी पुन्हा नीटनेटकी बांधत असे. इतकी नीटनेटकी, की सिस्टरला पाच आठवडे कळले नाही. जखम मात्र तसूभरही आटत नव्हती.

सहाव्या आठवड्यात चोरी पकडली गेली. पट्टीची गाठ चुकली नव्हती. फारच चांगली होती!

"मॅडम, तुमच्या शेतात धान पेरता ना?"

"पेरतो."

"उगवलं का म्हणून रोज माती उकरून पाहता का?"

बाकावरून हशा उठला. पट्टीला मी त्यानंतर हात लावला नाही. झाकलेली, किंचित ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे माझ्या नडगीने पुढच्या पाच आठवड्यांत सिद्ध केले. मी चूक उशिरा मान्य करते, पण पूर्ण मान्य करते.

*

देवरावचे बोट वाचले. हे आधीच सांगून टाकते, कारण खरी गोष्ट ते कसे वाचले ही आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरले, की त्यांच्या गावात एकच दिवस सगळे मिळून तळ्यात मोठे जाळे ओढतात. नियम असा, की प्रत्येक घरातल्या एका पुरुषाने पाण्यात राहून जाळ्याचा दोर धरायचा. ज्या घराचा माणूस पाण्यात नाही, त्या घराला मासोळीचा वाटा नाही. देवरावच्या घरी दुसरा पुरुष नव्हता. आणि तो दिवस आला नेमका डॉक्टरांच्या महिन्याच्या चौथ्या आठवड्यात!

"एका दिवसानं का होते, मॅडम?" देवराव बाकावर मला म्हणाला. "आजवर माया घराचा वाटा चुकला नाही."

तो जाणार, हे मी ओळखले. छत्तीस वर्षे मी असे चेहरे वाचले आहेत. मी रीतसर अर्ज लिहिला, 'आजारपणामुळे एक दिवसाची सूट मिळावी', आणि ऑटो करून कौसल्यासोबत गावच्या वडीलधाऱ्या सोमाजीकडे गेले. सोमाजीने तो शेवटपर्यंत ऐकला.

"मॅडम, अर्ज लय चांगला हाय," तो म्हणाला. "पण सूट कोणालेच भेटत नाही. माया बापालेबी भेटली नव्हती." मग तो कौसल्याकडे वळला. "तुयी बाज मजबूत हाय का व?"

जाळ्याच्या दिवशी सकाळी सहा जणांनी देवरावला बाजेसकट उचलले आणि तळ्याच्या कडेला घोटाभर पाण्यात बाज ठेवली. पायाखाली दोन उशा, पट्टीवर कोरडे धोतर. शिंतोडे उडू नयेत म्हणून छत्री धरून कौसल्या बाजेवर उभी! छत्री माझी होती. मी काठावरून तिला कोन सांगत होते.

जाळे पसरले. तेवढ्यात पलीकडच्या टोकाहून एकजण ओरडला, "सोमाजी मामा, असं कसं जमन? हा तं कोरडा हाय! याले वाटा कायचा?"

सगळे थांबले. देवरावने मान खाली घातली आणि पाय उशीवरून उचलला. कौसल्याने तो गच्च दाबून धरला.

सोमाजी छातीभर पाण्यातून हळूहळू चालत आला. त्याने बाज हलवून पाहिली. खाली वाकून चारही खूर पाण्यात आहेत, याची खात्री केली. मग दोराचे टोक देवरावच्या हातात दिले आणि तळ्याकडे तोंड करून म्हणाला,

"पाण्यात राहा लागते, असा नेम हाय. भिजा लागते, असा नेम कोणं केला गा?"