सरांनी ग्रॅनाइटला हात लावला

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, थोडे सोडून. आम्ही नगरच्या कॉलेजातले जुने भूगर्भशास्त्रवाले चहाला जमलो की सरांच्या किश्श्यांचे थरावर थर चढतात, आणि प्रत्येक थरात थोडी भर माझी असते.

सरांचा एक नियम होता. ज्या दगडाला हात लावला नाही, त्याचं नाव फील्डच्या वहीत लिहायचं नाही. मिरजगावच्या दत्त्यानं एकदा एसटीतूनच डोंगर बघून वही भरली.

"हात लावलास?"

"खिडकीतनं काढला हुता सर. पोचला न्हाई."

पानभर लाल रेघ.

हा नियम सरांनाच नडायचा, ग्रॅनाइटच्या धड्याला. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे काळा बेसॉल्ट! ग्रॅनाइटचं म्हणाल तर, खंड ताणला जातो, कवच पातळ होतं, खालचा तप्त रस डोंगराच्या पोटात घुसून थिजतो. तसला ग्रॅनाइट दिसला की समजायचं, इथं कधीकाळी जमीन फाटायला निघाली होती. हे सगळं सर आमच्या शेजारी बाकावर बसून, पुस्तकातून वाचून दाखवायचे.

"ऐकीव आहे. मी अजून हात लावलेला नाही."

दत्त्या म्हणाला, "सर, आमच्या मामाच्या ओट्याला ग्रॅनाइटच हाय. चला की."

"मामाचा ओटा डोंगरातून वर आलाय का?"

राजूरच्या सहलीत सर दिवसभर कडा ठोकत राहिले. काळ्या दगडानं वर येताना खालच्या ग्रॅनाइटचा एखादा तुकडा आणला असेल, ही आशा. मोळी घेऊन चाललेली एक आजी थांबली.

"मास्तर, काय हुडकताय?"

"ग्रॅनाइट, आजी."

"मंग काल यायचं. काल बाजार हुता."

सर रिटायर झाले. गुडघे गेले. त्यांच्या वहीत ग्रॅनाइटचं पान कोरंच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात दत्त्यानं फोन केला. "आता न्हाई तर कवाच न्हाई. सरांना उचलून नेऊ." गाडी केली, अरवली गाठली. करड्या जुन्या खडकात गुलाबी ग्रॅनाइट घुसलेला. सरांनी तळवा टेकवला, तो बराच वेळ उचललाच नाही.

मग सर म्हणाले, "खरबरीत आहे रे. इतकी वर्षं मी गुळगुळीत वाचत होतो. दत्त्या, वही काढ. लिही."

आता यातलं खोटं तेवढं सांगून टाकतो. सर आलेच नव्हते. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. ते नगरला, पलंगावर, मोबाईल कानाशी धरून. हात माझा होता, आणि दगड खरबरीत लागतोय हे फोनवर सांगणाराही मीच.

"लिही" मात्र ते खरंच म्हणाले.