बायनाबाईंच्या पाच खुणा

आमच्या गावच्या आशा सेविका बायनाबाई लायसनच्या परीक्षेत पहिल्या वेळी नापास झाल्या. त्याचा दोष मी त्यांना मुळीच देणार नाही. त्यांनी उत्तरं खरीच दिली होती, फक्त ती आमच्या रस्त्याची होती.

आमचं गाव चामोर्शीपासून आत, जंगलाला लागून. इथं गाडी हॉर्न वाजवतच न्यायची, वाघ-अस्वलाला आधी कळलेलं बरं, हे आम्ही लहानपणापासून शिकलेलो. गडचिरोलीला कॉम्प्युटरनं विचारलं, दवाखान्याजवळ काय कराल? बाईंनी बटण दाबलं, हॉर्न वाजवू. अरुंद पुलावर? हॉर्न. मग प्रश्न आला, पायी माणूस रस्ता ओलांडायला उभा आहे, काय कराल? त्याला गाडीवर बसवून गावात सोडू, हा पर्याय काही बाईंना सापडेना. जंगलात एकट्या माणसाला टाकून जायचं तरी कसं? शोधता शोधता वेळ संपला. पंधरापैकी नऊ हवे होते, सहा आले.

घरी नवरा देवराव हसून हसून बेजार. "कोंबड्या बसून राह्यल्या त्या स्कुटीवर! अजून एक मौका देतो. पुन्हा फेल झाली तर हेमराजले देऊन टाकतो."

हेमराज म्हणजे जुन्या गाड्या घेणारा. स्कुटी बाईंच्या भावानं दिलेली, पण अंगणात राज्य देवरावचं. बाईंना मात्र ती गाडी हवीच होती. मागच्या पावसाळ्यात कोणाची गाडी मिळाली नाही म्हणून त्या चार किलोमीटर चालत एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या. पोचल्या तेव्हा बाळ जन्मून गेलं होतं. माय-लेकरू सुखरूप होती, पण बाईंच्या मनाला ते लागलं ते लागलंच.

लेक खुशबू पोलीस भरतीचा अभ्यास करणारी. तिनं फर्मान काढलं, "आई, तू काय करते ते नको सांगू, पुस्तक काय म्हणते ते सांग. रोज पाच खुणा, जास्त नाई. अन् आधी कालच्या."

बाईंनी खुणा कागदावर काढून घरभर चिकटवल्या. 'प्रवेश बंद' धानाच्या कोठीवर, 'थांबा' दारावर, आणि 'हॉर्न वाजवू नका' देवरावच्या खाटेवर.

दिवस रोवण्याचे होते. बांधीत वाकून धान रोवता रोवता बाया प्रश्न टाकायच्या, आणि मुठीतली रोपं संपायच्या आत बाईंनी उत्तर द्यायचं, असा नियम ठरला. चुकलं की तो प्रश्न दुपारच्या शिदोरीला पुन्हा. हळूहळू साऱ्या बायांनाच खुणा पाठ झाल्या.

एकदा देवराव रोपांच्या पेंड्या घेऊन बांधीच्या कडेला धुऱ्यावर आला. एकीनं त्यालाच विचारलं, "भाऊ, लाल गोल, आत आडवी पांढरी पट्टी. काय हाये?"

"पुढं पूल हाये," देवराव ठसक्यात म्हणाला.

"प्रवेश बंद!" सगळ्या एका सुरात ओरडल्या आणि चिखलात बसून हसल्या. त्यानंतर देवरावनं अभ्यासाची थट्टा केली नाही.

दुसऱ्या वेळी बाईंना चौदा मिळाले. त्या परतल्या तर हेमराज अंगणात बसलेला! देवरावनं त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. बाईंनी पास झाल्याचा कागद दोघांच्या नाकासमोर धरला. बिचारा हेमराज उठला.

"चाल, तुले फाट्यावर सोडून देतो," म्हणत देवरावनं ओशाळून आपल्या मोटरसायकलला किक मारली. बाई गाडीच्या पुढे जाऊन हात आडवा करून उभ्या राहिल्या.

"खुशबूचे बाबा, लायसन?"

देवराव वीस वर्षं गाडी चालवत होता. लायसन त्यानं कधी काढलंच नव्हतं. हेमराज पायीच फाट्याकडे निघाला. बाई घरात गेल्या, खाटेवरचा कागद काढला, आणखी चार त्यात घातले आणि देवरावच्या हातात दिले.

"ह्या आजच्या पाच. उद्या आधी ह्याच विचारीन."