सुगंधावहिनींच्या साडीची घडी

सुगंधावहिनींनी मला कामाला लावलं, हे आधी सांगते. नव्वदीतली गोष्ट. घणसोली गावात त्यांच्या सासूची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. मी बीडकडची, सातवीतून शाळा सुटलेली, इथं ओळखीचं कुणी नाही. तुर्भ्याच्या शर्टांच्या कारखान्यात वहिनींनीच माझ्यासाठी शब्द टाकला. घडी घालायलाही त्यांनीच शिकवलं — उणं असेल ते आत, कॉलर वर. पुढचं मात्र मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

नवी साडी घडी मोडायला देतात, तुम्हाला ठाऊकच असेल — आपण आधी नेसायची नाही, जिवाभावाच्या बाईला नेसवायची. नणंदेच्या साखरपुड्यासाठी वहिनींना साडी आली. सासूला न सांगता त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "तू मोड गो घडी. तुजा हात हलका हाय."

मला? इतकी नवी साडी मी तोवर अंगाला लावली नव्हती.

कारखान्यातल्या एकीच्या हळदीकुंकवाला नेसून गेले. परत देण्याआधी इस्त्री फिरवली, आणि निऱ्यांच्या जागी तळव्याएवढी जळली. सांगणार होते. खरंच सांगणार होते का? कारण हात तर आपोआप चालले — जळकं आत, पदर वर. वहिनींनी न उघडता पेटीत ठेवली. माझ्यावर विश्वास, दुसरं काय.

साखरपुड्याच्या सकाळी ती भरल्या घरात उलगडली. सासू म्हणाली, "शुभकार्याला जलकी साडी? नणंदेचं बरं बगवत नाय तुला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाल्या, "माज्याच हातून जलली."

मी — मी चहाचे कप विसळत राहिले. बोलले असते तर खोली गेली असती. एवढंच.

पुढं ती सोयरीक मोडली. खापर वहिनींवर फुटलं. त्यांना करावे गावाला, माहेरी धाडलं, ते कायमचंच. बसलेल्या संसाराची घडी विस्कटली, आणि मी त्याच खोलीत आणखी चार वर्षं राहिले. सासू मला गुणाची म्हणायची.

करावेला जायचं धाडस अजून झालं नाही. आता जाऊन तरी काय होणार? त्यांची वर्षं थोडीच परत येणार आहेत? सासूही थकली, तिला ऐकू कमी येतं. तरी कधीतरी तिच्या दारात, चारचौघींसमोर, साडी मी जाळली असं मोठ्यानं सांगेन. वहिनींचं एवढं देणं माझ्याकडे आहे. फेडीन.